पिनबॉलचं कॅबिनेट प्लीज नवं कोरं करू नका

जुनं पिनबॉल मशीन (नाणं टाकून काचेखालचा गोळा उडवत खेळायचा खेळ) आलं की सगळे आधी काचेखाली बघतात, गोळा मारणारे फ्लिपर उडतात का, गोळा आदळला की त्याला उसळवणारे बंपर वाजतात का, आणि खालच्या लाकडी कॅबिनेटकडे आणि पुढच्या कॉइन डोअरकडे, म्हणजे नाणं टाकायच्या दाराकडे, कुणी ढुंकूनही बघत नाही. माझा जीव मात्र तिथेच अडकतो. मी शिकागोजवळ राहते, गॉटलीब, बॅली, विल्यम्स या पिनबॉल बनवणाऱ्या तिन्ही कंपन्या इथल्याच होत्या, त्यामुळे इथल्या बेसमेंटमधून अजूनही जुनी मशीन्स निघतात. (ज्या शहरात ही बनायची तिथेच कित्येक वर्षं पिनबॉलवर बंदी होती, आणि न्यूयॉर्कमध्ये तर १९४२ ते १९७६!) सध्या गॅरेजमध्ये आहे ते बॅलीचं, सत्तरच्या दशकाच्या शेवटचं.

सगळ्यात जास्त हाल पायांजवळच्या कोपऱ्यांचे होतात. शंभर किलोच्या वरचं धूड लोक पाय न काढताच ओढत नेतात, मग बोल्ट लाकडाला पिळतो आणि सांधा उघडतो. तिथे नुसती लांबी (पुट्टी) भरून रंग मारला तर काही उपयोग नाही, सांधा आतून वूड ग्लू भरून रात्रभर क्लॅम्पमध्ये आवळून ठेवायचा, लांबी त्यानंतर. आणि घासायच्या आधी कॅबिनेटवरच्या चित्राचा ट्रेसिंग पेपरवर छाप घ्या, एकदा घासलं की गेलं. घासताना पाणी आणि चांगला मास्क हवाच, त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं.

रंगाचं म्हणाल तर हल्ली छापील स्टिकर मिळतात, सोपे आहेत, पण मला अजिबात पटत नाहीत. कारखान्यात स्टेन्सिल (चित्राच्या आकारात कापलेला साचा) ठेवून स्प्रे मारायचे, त्यामुळे कडा जराशी धुरकट यायची, कुठेकुठे रंग बाहेर उडालेला असायचा, आणि माझ्यासाठी तीच या कॅबिनेटची ओळख आहे. म्हणून मी स्टेन्सिल कापते, चिकटवत नाही, वर वजनं ठेवते. मूळ रंग कुठला होता ते बघायचं असेल तर कॉइन डोअरची फ्रेम काढा, तिच्याखाली बोटभर पट्टी ऊन न लागलेली असते. माझ्या मशीनचा बाहेरचा पिवळट रंग तिथे चक्क पांढरा निघाला!

डोअरचं स्टील आरशासारखं चमकवू नका, त्यावर एका दिशेने गेलेल्या बारीक रेघा असतात, पॉलिश पेपर त्याच दिशेने फिरवायचा, गोल गोल नाही. गंज काढायच्या आधी मागच्या सगळ्या वायरींचे फोटो काढा. तिथेच स्लॅम स्विच असतो, कुणी चिडून दाराला लाथ घातली की गेम तिथल्या तिथे बंद, तो वाकलेला असेल तर मशीन उगाचच बंद पडत राहतं. नाणं तपासणारा भाग म्हणजे कमाल आहे, वीज नाही काही नाही, नाण्याचा आकार, वजन आणि लोहचुंबक एवढ्यावर खरं क्वार्टर (२५ सेंटचं नाणं) ओळखतो. तो भांड्याच्या साबणाने टूथब्रश मारून धुवा, वाळवा, पण तेल अजिबात नको, तेलाला धूळ चिकटते आणि नाणं मध्येच अडकतं.

२५ सेंटची किंमत लिहिलेली प्लास्टिकची पट्टी पिवळी पडली आहे, कोपऱ्यात तडाही आहे. नवी मिळते, पण मी जुनीच धुऊन परत बसवली.