शेवटचा डाइव्ह शनिवारी सकाळी

शनिवारी सकाळी १०:५० ला आम्ही पाण्याबाहेर आलो आणि आमची डायव्हिंगची सुट्टी तिथेच संपली. परतीचं विमान रविवारी दुपारी एकचं होतं. मधे २६ तास. हे तास मी तिकिटं काढतानाच मोजून ठेवले होते, आणि स्कूबाच्या सहलीला निघणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं आहे: आधी परतीच्या विमानाची वेळ बघा, तिथून मागे मोजत या, आणि मगच डाइव्ह बुक करा.

सोबत भाचा होता. त्याचा ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स, याच वर्षी झालेला. पाच दिवसांत आमचे अकरा डाइव्ह झाले होते. संध्याकाळी बोटीवरची बाकीची मंडळी नाईट डाइव्हची तयारी करू लागली तसा त्याचा चेहरा पडला. "मावशी, साडेसातला बाहेर येऊ. विमानापर्यंत साडेसतरा तास होतात. अर्ध्या तासानं काय बिघडतं?"

प्रश्न रास्त होता. पाण्याखाली दाब जास्त, त्यामुळे श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंमध्ये विरघळत जातो. वर आल्यावर तो श्वासावाटे हळूहळू निघून जातो, पण रोज दोन-तीन डाइव्ह होत असतील तर बराचसा अंगात साठलेला असतो. विमानाच्या केबिनमधला दाब जमिनीवरच्याएवढा नसतो. सुमारे २,४०० मीटर उंच डोंगरावर असतो तितका खाली येऊ शकतो. दाब असा उतरला की अंगातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. डीकंप्रेशन सिकनेस म्हणतात तो हाच. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या २००२ च्या कार्यशाळेत ठरलेल्या शिफारशी आजही सगळीकडे वापरतात: एकच साधा डाइव्ह असेल तर विमानाआधी किमान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस असतील तर किमान १८ तास, आणि वर येताना नायट्रोजन निघून जाण्यासाठी वाटेत डीकंप्रेशन थांबे घ्यावे लागले असतील तर त्याहून बराच जास्त वेळ. 'किमान' हा शब्द नीट वाचा. १८ तास भरले म्हणजे धोका शून्य झाला असं नाही. म्हणून मी २४ च धरते. परतीचा रस्ता उंच डोंगरावरून जात असेल, तर तोही विमानासारखाच मोजायचा.

भाच्याच्या मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये विमानाचं चिन्ह, म्हणजे 'अजून विमानात बसू नका', अजून दिसत होतं. त्यानं ते बघितलं आणि पुढे काही बोलला नाही. आम्ही दोघं धक्क्यावर बसून राहिलो. एकेक टॉर्च पाण्यात उतरला, हिरवट उजेडाचे गोळे खाली खाली जात विरले. पाचही टॉर्च परत वर येईपर्यंत तो मोजत होता. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण निर्णय बदलला नाही.

ती रिकामी दुपार वाया गेली असं मात्र कुणी समजू नये. सामान धुवायला आणि वाळवायला तीच लागते. मागच्या एका सहलीत मी घाईघाईत रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारं उपकरण) डस्ट कॅप, म्हणजे त्याच्या तोंडावरचं झाकण, न लावताच पाण्यात बुडवला. फर्स्ट स्टेजमध्ये, म्हणजे सिलिंडरला जोडायच्या भागात, पाणी गेलं, आत गंज धरला आणि सगळा उघडून दुरुस्त करावा लागला. तेव्हापासून कॅप कोरडी पुसून, घट्ट बसवून, मगच गोडं पाणी. आणि रेग्युलेटर सिलिंडरला जोडलेला नसताना पाण्यात त्याच्या तोंडाकडच्या भागावरचं पर्ज बटण दाबायचं नाही, नाहीतर पाणी आत शिरतं.

बीसीडी, म्हणजे हवा भरून तरंगणं सांभाळणारं जाकीट, बाहेरून धुऊन भागत नाही. इन्फ्लेटरचं, म्हणजे हवा भरायच्या नळीचं, बटण दाबून तोंडाच्या भागातून आत गोडं पाणी सोडायचं, थोडी हवा भरायची, सगळ्या बाजूंनी हलवायचं आणि उलटं धरून त्याच नळीतून ओतायचं. भाच्यानं पहिल्यांदा ओतलेल्या पाण्याचा थेंब जिभेला लावून बघितला, तोंड वाकडं केलं आणि न सांगता आणखी दोनदा धुतलं. मीठ आत राहिलं तर वाळून त्याचे खडे होतात आणि आतली पिशवी खराब करतात. वेटसूट सावलीत, रुंद हँगरवर. कॅमेऱ्याचं हाउसिंग, म्हणजे पाणी आत न जाऊ देणारी पेटी, गोड्या पाण्यात बराच वेळ भिजवून, बटणं दाबून घेऊन, पूर्ण पुसल्यावरच उघडायचं.

पॅकिंगबद्दल थोडंच. रेग्युलेटर, कॉम्प्युटर आणि मास्क हातातल्या बॅगेत. सुटी लिथियम बॅटरी चेक-इनच्या सामानात चालत नाही, ती सोबतच ठेवावी लागते. टॉर्चमधली बॅटरी काढून ठेवा, म्हणजे तो बॅगेत आपोआप पेटून तापणार नाही. चाकू मात्र चेक-इनमध्ये.

आणि किनाऱ्यावर सापडलेला प्रवाळाचा तुकडा, मेलेला असला तरी, तिथेच राहू द्या. दगडी प्रवाळ, महाकाय शिंपले, समुद्रघोडे हे सगळे साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. परवान्याशिवाय सीमा ओलांडून नेले तर गुन्हा होऊ शकतो. गुन्ह्याचं बाजूला ठेवा, ज्या प्रवाळावर पाच दिवस आपण फिनही लागू दिलं नाही, त्याचा तुकडा खिशात कसा घालायचा?

विमानात एक गोष्ट माझ्याकडून राहिली. भाच्याला थोडी सर्दी होती. सलग डायव्हिंगनं कान आधीच दमलेले असतात, विमान उतरताना दाब वाढतो आणि झोपलेला माणूस कान मोकळे करत नाही. तो कान धरूनच जागा झाला. घरी आल्यावर डॉक्टरांना दाखवलं, काही दिवसांत बरं वाटलं. विमान उतरायला लागायच्या आधीच सोबतच्याला उठवा आणि सारखं गिळायला सांगा.

घरी पोहोचल्यावर सांधे दुखले, मुंग्या आल्या, अंगावर चट्टे उठले किंवा थकवा नेहमीपेक्षा फार वाटला, तर 'बॅगा उचलल्या म्हणून असेल' असं म्हणून झोपून जाऊ नका. डॉक्टरांना गाठा आणि डायव्हिंग केलंय हे पहिल्या वाक्यात सांगा. ते विचारतीलच असं नाही. पलंग बोटीसारखा डुलतोय असं मात्र मला दोन रात्री वाटलं. ते बहुतेकांना होतं आणि आपोआप जातं.

सोमवारी रात्री भाचा लॉगबुक भरत बसला होता. पाण्यात खाली जाण्यासाठी किती वजन लावलं, वेटसूट किती मिलिमीटरचा, पाणी किती गार, सगळं लिहिलं. पुढच्या वेळी पहिल्याच डाइव्हला ते उपयोगी पडतं. शेवटच्या पानावर थांबून म्हणाला, "मावशी, पुढच्या वेळी नाईट डाइव्ह सहलीच्या दुसऱ्याच दिवशी ठेवू." मी तारखा बघायला लागले.