शनिवारची गेली ना?

मारुतीला रुईची माळ घातली, पाच प्रदक्षिणा उरकल्या आणि बाहेर आलो तर चपला नाहीत. अशा वेळी माणूस जे जे करतो ते सगळं केलं. शेजारच्या चपला सरकवून पाहिल्या. आपण दुसऱ्या बाजूला तर काढल्या नव्हत्या ना, असा स्वतःवरच संशय घेतला. मग पायरीवर बसून पाच मिनिटं येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांकडे बघत राहिलो. देवळाच्या पायरीवर बसून लोकांच्या पायांकडे बघणाऱ्याला लोक भाविक समजतात, एवढंच काय ते सुख.

कोल्हापुरी होत्या. नव्या. म्हणजे जेमतेम महिनाभराच्या, आणि ज्यांनी कोल्हापुरी घातली आहे त्यांना पहिला महिना म्हणजे काय ते सांगायला नको. आधी अंगठा, मग करंगळीची बाजू, मग घोटा, अशी ती क्रमाने चावत जाते. रोज रात्री खोबरेल चोळून, कागदाचे बोळे कोंबून मी तिला माणसात आणलं होतं. चावणं नुकतंच थांबलं होतं, करकर तेवढी उरली होती. चोराला आता एकही फोड येणार नाही. अकराशे रुपयांचं दुःख संध्याकाळपर्यंत ओसरलं असतं. फोड माझे आणि मऊपणा त्याचा, हे काही पचेना.

समोरच्या हारवाल्या मावशी सगळं बघत होत्या.

"गेल्या का?"

"गेल्या."

"शनिवारच्या गेल्या ना? मग बरं झालं. साडेसाती गेली म्हणायची."

आता माझी रास कन्या. माझी साडेसाती 2014 च्या दिवाळीनंतर रीतसर संपली. चप्पल न्यायचीच होती तर तेव्हा न्यायची, इतक्या उशिरा कसली वसुली? पण हे मावशींना सांगण्यात अर्थ नव्हता. शिवाय माळेचे दहा रुपये त्यांना द्यायचे राहिले होते, पाचशेची नोट बघून त्याच म्हणाल्या होत्या, "पुढच्या शनिवारी द्या." उधारीवरचा माणूस वाद घालत नाही.

चैत्रातलं दुपारचं ऊन आणि अनवाणी पाय. रिक्षा करायची तर पाच मिनिटांच्या रस्त्याला कोणी येईना. निघालो. डांबरावर पाय ठेवला आणि लक्षात आलं की कित्येक वर्षांत आपण घराबाहेर अनवाणी चाललेलोच नाही. सावली बघून चालायचं, सावली संपली की पळायचं, असा एक उद्योग सुरू झाला. चौकात एक शोध लागला: झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे काळ्या डांबरापेक्षा गार असतात. मी एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत रस्ता ओलांडला. सिग्नलला थांबलेल्या स्कूटरवरची एक मुलगी हसली. हसू दे.

पांढऱ्या पट्ट्यावर एका पायावर उभा असताना आजी आठवली. तिचे पाय. टाचांच्या भेगा इतक्या खोल की त्यात मेण वितळवून भरावं लागे. मेण आणि तेल वाटीत गरम करून ती ओट्यावर बसायची, आणि मी काडीने एकेका भेगेत ते सोडायचो. भाजत नाही का, विचारलं तर म्हणायची, "बरं वाटतंय. वरची तेवढी भर अजून."

आजीचं सगळंच बरं असायचं. वादळात गोठ्यावरचे पत्रे उडाले तेव्हा म्हणाली, "बरं झालं, आत वारंच येत नव्हतं." एसटी चुकली, बरं झालं, लई गर्दी होती. बैल मेला, बरं झालं, माणसावरचं त्याच्यावर गेलं. मी नववीत गणितात नापास झालो तेव्हा घरात सुतकी शांतता होती, वडील जेवले नाहीत, आणि आजी मला मांडीशी घेऊन म्हणाली, "बरं झालं. वरच्या वर्गातलं आणखी अवघड आसतंय." आई वैतागायची. "अहो आत्याबाई, पोरगं नापास झालंय, त्यात बरं काय?" आजी तोंडात मशेरी फिरवत नुसती बघायची.

मला या 'बरं झालं'चा आता मात्र राग येतो. खरं तर 'बरं झालं'चा नाही, ते दुसऱ्याने म्हणण्याचा. दोन वर्षांपूर्वी ओल्या फरशीवर पडलो आणि मनगट मोडलं. प्लास्टर बघायला येणारा प्रत्येक जण बिस्किटाच्या पुड्याबरोबर तेच वाक्य घेऊन यायचा: "थोडक्यात निभावलं. बरं झालं, डावाच मोडला." मी डावखुरा आहे. पहिल्या चौघांना हे सांगितलं. नंतर सोडून दिलं, कारण पाचव्याने त्यावरही उत्तर काढलं होतं. "मग तर फारच बरं, आता उजव्याची सवय होईल!" देवाची करणी मला कळत नाही हे मान्य, पण ती या गृहस्थांना कळते हे मानायला मी तयार नाही.

तुकोबांचा तो अभंग पहिल्यांदा नीट ऐकला तो गावच्या सप्ताहात. आम्ही पोरं पुढे बसायचो, भक्तीने नव्हे, काल्याच्या लाह्या आधी मिळाव्यात म्हणून. बुवांनी चाल लावली, 'बरें झालें देवा निघालें दिवाळें, बरी या दुष्काळें पीडा केली.' मला वाटलं, हे तर आजीचंच! दिवाळं निघालं, बरं झालं. दुष्काळ पडला, बरं झालं. जगात अपमान झाला, गुरंढोरं गेली, बरं झालं. मागे वळून आजीकडे पाहिलं तर ती बायकांच्या घोळक्यात डोळे मिटून टाळीवर होती.

मग बुवा 'बरें झालें देवा बाईल कर्कशा'वर आले. तिथे थांबायचं, मिशीतल्या मिशीत हसायचं, पुरुषांच्या बाजूला बघायचं, हा सगळ्याच बुवांचा ठरलेला कार्यक्रम. मांडव हसला. बायकाही पदराआड हसल्या. रात्री घरी जाताना बॅटरीच्या उजेडात चिखल चुकवत आजी एकदम म्हणाली, "घरात दाणा नव्हता तिच्या. कर्कशा नाही व्हायची तर काय गाणं म्हणंल?"

मी तेव्हा सहावीत होतो. कीर्तनातल्या वाक्याला असं उत्तर देता येतं हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं.

आजीला दाणा नसलेलं घर माहीत होतं. बहात्तरचा दुष्काळ. एकाहत्तरला पाऊस कमी, बहात्तरला जवळजवळ नाहीच. तेव्हाची माणसं अजूनही सांगतात की विहिरीत घोटभर पाणी होतं, खायला दाणा नव्हता. रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापता थापता फुटायची आणि गिळताना घशाला कळायची. कामावर सुकडी वाटायचे. आमच्याकडे पाझर तलावाचं काम निघालं होतं, आजी-आजोबा दोघं तिथे. आजोबा माती खोदायचे, आजी पाट्या वाहायची आणि खडी फोडायची. मुकादम हजेरी घेणार, आठवड्याला पगार. असल्या कामांतूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, 1977 मध्ये; देशभर तसा कायदा यायला 2005 उजाडलं. आजीच्या लेखी कायदाबियदा काही नाही, ते 'दुष्काळी काम'.

दर आषाढीला ती पंढरपूरला जायची. त्या वर्षी काम सोडून जाणं शक्य नव्हतं, हजेरी बुडाली असती. "यंदाची वारी तळ्यावर" असं म्हणून तिने एकादशीच्या दिवशी पहिली पाटी विठोबाच्या नावाने टाकली. उपवासाचं काही विचारू नका, ती म्हणायची, तेव्हा एकादशी रोजचीच होती. हे ती हसत सांगायची. अभंगाच्या शेवटी तुकोबाही तेच म्हणतात, बरं झालं, एकादशीचं व्रत घडलं, उपाशी पोटी जागरण घडलं. भाकरी नसलेल्या रात्रीला एकादशी म्हणायचं! आजीने हे तिथून उचललं की तिचं तिलाच सुचलं होतं, कोण जाणे.

ते तळं अजून आहे. एसटी त्या वळणावर आली की आजी मला कोपराने ढोसायची. बांधाच्या आतल्या बाजूला दगडाचं पिचिंग आहे, त्यातला झाडाजवळचा पट्टा तिचा. "त्यो बघ. त्यातला एक दगड हललेला नाय." खालच्या विहिरींना त्याच तळ्याने पाणी धरलं, त्यावर आमचा ऊस झाला, त्या उसावर वडील शिकले आणि मी नववीत नापास होण्याच्या योग्यतेला पोचलो. आजी म्हणायची, दुष्काळ पडला नसता तर तळं कोण खणणार होतं? बरं झालं. आणि बांधावर उभं राहून पाणी बघितलं की तिला ते खोटं पाडता यायचं नाही, मलाही यायचं नाही.

पण एक गोष्ट ती या हिशेबात कधी धरत नसे. तिला माझ्या वडिलांच्या पाठची एक मुलगी होती, दीड वर्षांची, ती त्याच उन्हाळ्यात तापाने गेली. हे मला आजीकडून कधीच कळलं नाही. मिलो, सुकडी, मुकादमाची काठी, दगड, सगळं ती रंगवून सांगायची, आणि मधली ती एक पायरी न चुकता ओलांडून जायची. मला वडिलांनी सांगितलं. मी तेव्हा चौदा वर्षांचा, नुकता शहाणा झालेलो. आजी सुपात ज्वारी घोळत होती. मी विचारलं, "आजी, ते पण बरंच झालं का?"

काय विचारलं ते माझ्या तोंडातून बाहेर पडल्यावर मला कळलं. सूप थांबलं नाही. खडा दिसला तो तिने अंगठ्याने बाजूला सारला, जमिनीवर टाकला. मग अजून एक. बऱ्याच वेळाने म्हणाली, "त्ये पांडुरंगाला ठावं. जा, दिवाबत्तीची येळ झाली."

तुकोबांचाही एक अभंग आहे, आत्मचरित्राचाच. त्यात ते 1630 च्या सुमाराच्या त्याच दुष्काळाविषयी सांगतात, द्रव्य आटलं, मान गेला, आणि पुढे सरळ: 'स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली.' या ओळीत बरं कुठेही नाही. सप्ताहातले बुवा ती ओळ भरभर म्हणून पुढे जायचे, चाल मोडायला नको म्हणून. ज्या माणसाने ही ओळ लिहिली त्यानेच दुष्काळाला बरं म्हटलं आहे, हे ध्यानात ठेवूनच तो दुसरा अभंग ऐकायला हवा, असं मला वाटतं. मला वाटून काय होतंय. मांडव त्या 'कर्कशा'लाच हसणार.

आजी त्या वर्षानंतरही वारीला जात राहिली, आणखी तीस-एक वर्षं. जाताना पायात चप्पल नसायची. दमून आली की पाय गरम पाण्यात सोडून बसायची आणि मेण कुठे ठेवलंय विचारायची. एवढ्या माणसांतून पालखीत तुकोबांच्या पादुका चांदीच्या रथात जातात आणि आजूबाजूने निम्मी माणसं अनवाणी, यात काही विसंगती आहे असं तिला कधी वाटलं नाही. तिला ते मी दाखवून दिलं होतं. मी फार दाखवून द्यायचो.

घरी पोचलो तेव्हा उजव्या तळव्याला रुपयाएवढा फोड होता. बायकोने बादलीत पाणी काढून दिलं, पाय बुडवून बसलो, आणि चपलेची कथा सांगितली.

"कोल्हापुरी? बरं झालं," ती म्हणाली, "नाहीतरी चावतच होत्या."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. पाणी गार होतं. फोडावर काय लावतात ते आठवत होतो, मेण नक्कीच नव्हे. आणि ते दहा रुपये. पुढच्या शनिवारी जावं लागणारच, रबरी स्लिपर घालून.