तुम्ही विचारलंत म्हणून : अलाइनमेंट किती ठेवलंय?

लग्नाचा मांडव असो की पेट्रोल पंप, दोन मिनिटांत हा प्रश्न येतोच : "दादा, तुमची पोलो वळणावर लई चिकटून चालती म्हणं. अलाइनमेंट किती ठेवलंय? टायर कोणते?" दरवेळी उभ्या उभ्या काहीतरी सांगून सुटतो. आज बसून सांगतो.

अलाइनमेंट म्हणजे चाकं किती कोनात बसवलीत ते. आकडे आधी घ्या. पुढच्या दोन्ही चाकांना कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, उणे 42 मिनिटं (साठ मिनिटांची एक डिग्री, उणे म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकलेला). टो (हा काय ते पुढं सांगतो) दोन्ही चाकं मिळून 4 मिनिटं आत, म्हणजे शून्यच धरा. मागं दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा, टॉर्शन बीम आहे, तिथं फिरवायला बोल्टच नाही. टायर 195/60 आर15 : 195 मिलिमीटर रुंद, बाजूची भिंत रुंदीच्या 60 टक्के, रिम 15 इंची.

एवढं ऐकून समोरच्याचा चेहरा पडतो. त्याला उणे दोन डिग्री आणि सतरा इंची रिम असं काहीतरी ऐकायचं असतं. सतरा इंची रिमही वापरून झाली, तेही सांगतो.

माझी गाडी 2014 ची फोक्सवॅगन पोलो, जीटी टीएसआय. कंपनीचा टायर 185/60 आर15, त्याची बाजूची भिंत 111 मिलिमीटर. हौस म्हणून मी 205/40 आर17 घातले. भिंत उरली 82. मांजरसुंब्याच्या घाटात पहिल्या दिवशी स्टिअरिंग असं चाललं की मी परत वळून पुन्हा घाट चढलो. तिसऱ्या आठवड्यात केजच्या अलीकडं, रात्री, उसाच्या ट्रॉलीमागून बाहेर पडलो आणि डावं चाक खड्ड्यात गेलं. आवाजावरूनच कळलं. रिमची कड आत दबलेली आणि टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा.

खड्डा एखाद्या दिवशी चुकवता येईलही, पण लाटा कशा चुकवणार? आपले रस्ते काळ्या मातीवर आहेत. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि वरचं डांबर गुळगुळीत दिसलं तरी खालून हेलकावे देतं. पातळ भिंतीचा टायर हे पचवत नाही, गाडी टुणटुण उडते. आणि चाक हवेत असताना पकड कसली? रिमा विकल्या. आताच्या टायरची भिंत 117 मिलिमीटर आहे आणि वळणावर काही गमावल्यासारखं मला तरी वाटत नाही.

आता टो. दोन्ही चाकांची तोंडं एकमेकांकडं वळलेली की एकमेकांपासून फाकलेली, ते मोजतात त्याला टो म्हणायचं. टायर खातो तो जास्त करून हाच, कॅम्बरवर उगाच आळ येतो. हिशेब साधा आहे. एक चाक सरळ रेषेपासून 12 मिनिटं, म्हणजे डिग्रीचा पाचवा हिस्सा, तिरकं असलं तर दर किलोमीटरला ते साडेतीन मीटर आडवं घासत जातं. शंभर किलोमीटरला साडेतीनशे मीटर! टायरवरून आडवा तळवा फिरवून बघा. एकीकडून मऊ आणि परत येताना करवतीसारखं लागलं, तर टो बिघडलाय. मशीनच्या आधी हात सांगतो. थोडा टो बाहेर ठेवला तर गाडी वळणात चटकन शिरते, हे खरं आहे. पण मग सरळ रस्त्यावर ती प्रत्येक चाकोरी हुंगत जाते. बीड ते लातूर वळणं आहेत तरी किती? घाट सोडला तर बाभळी मोजत जायचं.

कॅम्बरचं माझं दुखणं वेगळं होतं. उजव्या वळणावर गाडीचं नाक बाहेर जायचं, डाव्या वळणावर नाही. दुकानात पोरगा म्हणाला, "सर, सगळं ग्रीनमध्ये आणलं." कागद मागून घेतला. डावं चाक उणे 20 मिनिटं, उजवं उणे 1 डिग्री 5 मिनिटं, आणि दोन्ही हिरव्या, म्हणजे कंपनीला चालणाऱ्या पट्ट्यात! पट्टा केवढा रुंद असतो ते कुणी सांगत नाही. उजवीकडं वळताना भार डाव्या चाकावर येतो. गाडी कलली की मॅकफर्सन स्ट्रटवर (पुढचं चाक धरणारा शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा उभा खांब) ते बाहेरचं चाक आणखी बाहेर झुकतं, आणि त्याच चाकाला आधीची आतली झुकण सगळ्यात कमी. नाक बाहेर जाणारच.

या गाडीला कॅम्बरचा वेगळा बोल्ट नाही. लातूरच्या एका जुन्या मिस्त्रींनी सबफ्रेमचे, म्हणजे पुढची चाकं धरणाऱ्या खालच्या चौकटीचे बोल्ट सैल केले, पहारीनं ती जराशी सरकवली आणि दोन्हीकडं 42 च्या आसपास आणून ठेवलं. एकूण बेरीज तेवढीच राहिली, फक्त वाटणी सारखी झाली. मग टो पुन्हा लावला, कारण कॅम्बर हलला की टोही हलतो. उलट क्रमानं केलं तर पैसे पाण्यात. त्याच मिस्त्रींनी आधी लोअर आर्मचे, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे रबरी बुश बदलायला लावले होते. बुश फाटलेला असला तर स्टँडवरचा आकडा स्टँडवरच राहतो, ब्रेक मारला की चाक आपल्या मनानं मागं सरकतं. मी त्याआधी दोनदा अलाइनमेंटचे पैसे मोजून बसलो होतो, ते जाऊ द्या.

नवे टायर घातल्यावर आणखी एक गंमत झाली. गाडी डावीकडं ओढायला लागली. "कुणीकडं ओढायलीय? डावीकडं? मग रस्त्याचा उतारच डावीकडं असतो की," असं दोघांनी सांगितलं. समृद्धीच्या काँक्रीटवर गेलो तरी तेच. मिस्त्रींनी पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलले आणि गाडी उजवीकडं ओढू लागली. दोष टायरच्या बांधणीत होता. दुकानदारानं कुरकुर करत एक टायर बदलून दिला. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र अशी अदलाबदल करता येत नाही.

टायर कोणता, याला माझ्याकडं कंपनीचं नाव नाही. ओल्या रस्त्यावर धरणारा घ्या, आणि भिंतीवरचे शेवटचे चार आकडे वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. 2324 म्हणजे 2024 चा तेविसावा आठवडा. भार क्रमांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, कंपनीच्या टायरपेक्षा खाली नको. माझा आधीचा 84 होता, आता 88 आहे. ऑक्टोबरात रस्त्याच्या कडेला सोयाबीन वाळत पडलेलं असतं, त्यावर कोणताच टायर धरत नाही. तिथं फक्त हळू जायचं.

हवा सकाळी, गाडी थंड असताना भरायची. मी पुढं 33 ठेवतो. मे महिन्यात दुपारी थांबलो की पंपावरचं पोरगं गेज लावून म्हणतं, "मालक, अडतीस दाखवायलंय, काढू का?" टायर तापला की आकडा चढतोच, तेव्हा काढली तर उद्या सकाळी कमी भरेल आणि कमी हवेचा टायरच जास्त तापतो. त्याला म्हणतो, राहू दे, काच पूस.