मनातल्या मनात दहा

संध्याकाळी सहाला शिवा रडायला लागला तो रात्री साडेदहापर्यंत थांबलाच नाही. तेव्हा तो दोन वर्षं पाच महिन्यांचा होता. आईनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. बायकोनं बेंबीवर हिंग लावला. तो माझा हात धरून दाराकडं ओढत होता, म्हणून बाहेर जायचं असेल असं वाटून मी त्याला कडेवर घेऊन स्टेशनपर्यंत दोन चकरा मारल्या. शेवटी झोपवायच्या आधी पाय धुताना बायकोच्या बोटाला काहीतरी लागलं. टाचेत टाचणीचं तुटलेलं टोक होतं, माझ्याच दुकानातलं. साडेचार तास लेकराला ते टोचत होतं, आणि 'पाय' एवढा एक शब्द त्याच्याजवळ नव्हता.

मी शिंपीकाम करतो. परभणी-जालना रेल्वेमार्गावरच्या तालुक्याच्या गावात दुकान आहे, मागं घर. शर्ट-पँट मी शिवतो, काज-बटन आणि फॉल-पिको बायको करते. शिवा दहा महिन्यांचा असताना शाळेच्या गणवेशांची घाई आली. सुया, कैच्या, गरम इस्त्री, त्यात लेकरू रांगायला लागलेलं. मग कटिंगच्या टेबलाखाली गोधडी अंथरली आणि त्याच्या हातात मोबाईल दिला. जून संपला, मोबाईल राहिला. दोन वर्षांचा झाला तेव्हा त्याला इंग्रजीत रंगांची नावं येत होती, एबीसीडी सुरात म्हणत होता. गिऱ्हाईकं कौतुक करायची, आम्हालाही बरं वाटायचं. पण तहान लागली की तो नुसता माठाजवळ जाऊन उभा राहायचा. आई, पप्पा, भू, दे... हिशेबात धरावेत असे शब्द मोजून चार.

सांगणारे पुष्कळ होते. कुणी म्हणालं, वेखंड उगाळून जिभेला लावा. कुणी म्हणालं, जिभेखालची तार कापून घ्या. माझी आई म्हणायची, "त्याचा मामा बी चौथ्या वर्षी बोलला. लेकराच्या मागं लागू नका." गावातल्या एका डॉक्टरांनीही मुलगे उशिरा बोलतात, तीन वर्षांपर्यंत वाट बघा असंच सांगितलं. टाचणीच्या रात्रीनंतर मात्र माझ्याच्यानं वाट बघवंना गेली.

मार्ग दाखवला तो अंगणवाडीनं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत लेकरं तपासायला येतं. 2013 पासून ही योजना आहे, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, आणि वाढीतला उशीर हाही तिच्यातला एक भाग आहे. मी तोवर समजत होतो की ते वजन करतात आणि जंताची गोळी देतात. पथकातल्या डॉक्टर मॅडमनी शिवाला हाक मारली, त्याच्याकडं चेंडू टाकला, मग बायकोला विचारलं, "दोन शब्द जोडून बोलतो का? म्हणजे 'आई ये', 'पाणी दे' असं?" साधारण दोन वर्षांच्या लेकराकडं पन्नासेक शब्द असावेत आणि त्यानं दोन-दोन शब्द जोडायला लागावं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. त्यांनी चिठ्ठी लिहून जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवलं. तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी बराच वेळ त्याच्याशी खेळून पाहिलं. तो नजर देतो का, हवं त्याच्याकडं बोट दाखवतो का, खोट्या कपानं चहा पितो का. ते सगळं तो करत होता. मग म्हणाले, "आधी कान तपासा. बाकीचं त्यानंतर."

मला हे पटलं नाही. मोबाईलवर गाणं लागलं की तो दुसऱ्या खोलीतून पळत येतो, त्याला ऐकू येत नाही कसं? त्यांनी समजावलं की मोठा आवाज कळणं वेगळं आणि 'स', 'श' सारखे बारीक आवाज नीट कळणं वेगळं. कानात थोडं पाणी साठलेलं असलं तरी लेकरू आवाजाला वळतं, पण शब्द त्याला पुसट ऐकू येतात. आणि जे नीट ऐकूच येत नाही ते ते बोलणार कसं? ज्यांचं लेकरू बोलत नाही त्या प्रत्येकाला मी आता हेच पहिलं सांगतो.

कानाची बेरा तपासणी आणि पुढची स्पीच थेरपी एकाच गावी व्हावी म्हणून आम्ही संभाजीनगर धरलं. बेराला लेकरू गाढ झोपलेलं लागतं. कपाळाला आणि कानामागं तारा चिकटवतात, कानात टकटक आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत तो पोचतो का ते पडद्यावरच्या लाटांवरून बघतात. त्यासाठी आदल्या रात्री त्याला उशिरापर्यंत जागवा आणि पहाटे लवकर उठवा, असं सांगितलेलं. रात्री बारापर्यंत जागवला, चारला उठवला. रेल्वेत बसल्याबरोबर त्याचे डोळे मिटायला लागले. परतूरला खिडकीतून गाई दाखवल्या. जालन्याला तोंड धुतलं. बदनापूर गेलं आणि तो माझ्या खांद्यावर पडला. बायको त्याच्या तळपायाला गुदगुल्या करते, मी टाळ्या वाजवतो, लेकरू चिडून रडतंय. समोरच्या बाकावरच्या एक आजी म्हणाल्या, "झोपू द्या की त्याला, काहून छळायलेत?" बायकोनं त्यांना सगळं सांगितलं. करमाडपासून संभाजीनगरापर्यंत त्या आजीनंच आपल्या बांगड्या वाजवून त्याला जागं ठेवलं. तिथं डॉक्टरांनी झोपेचं औषध पाजलं, तास-दीड तासात तपासणी झाली. तीस डेसिबलला दोन्ही कानांत लाट दिसली. कान चांगले होते. बायको तिथंच बाकावर बसून रडली. मी चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचत राहिलो.

थेरपीच्या पहिल्या दिवशी स्पीच थेरपिस्ट मॅडमनी तासभर आम्हालाच प्रश्न विचारले. मग एक अहवाल लिहिला. शिवा बत्तीस महिन्यांचा, समजण्याचं वय बावीस ते चोवीस महिने, बोलण्याचं चौदा ते सोळा. जिभेखाली बोट घालून पाहिलं. जीभ वर ओठाला लागत होती. म्हणाल्या, जीभ जास्तच बांधलेली असली तर काही उच्चारांना अडचण येऊ शकते, पण त्यामुळं शब्द शिकायचे थांबत नाहीत. वेखंडाचं मी सांगितलं तर नुसतं "आता नका लावू" म्हणाल्या. मोबाईलमुळंच झालं का, हे विचारायचं माझं धाडस होईना. बायकोनं विचारलं. मॅडम म्हणाल्या, "एकट्या मोबाईलमुळं असं नाही म्हणता येत. पण लेकरू बोलायला शिकतं ते देवाणघेवाणीतून. त्यानं आवाज केला की समोरच्यानं उत्तर द्यायचं. मोबाईल त्याच्याशी बोलतो, त्याचं ऐकत नाही." जागतिक आरोग्य संघटनेनंही 2019 साली सांगितलंय की दोन वर्षांपर्यंत मोबाईल-टीव्हीचा पडदा नकोच, आणि त्यापुढं पाच वर्षांपर्यंत दिवसाला तासाच्या आत, तोही जितका कमी तितका बरा.

मग त्या जमिनीवर बसल्या आणि साबणाच्या फुग्यांची बाटली काढली. एक फुगा फुंकला. शिवा हसला. दुसऱ्यांदा त्यांनी नळी ओठांपर्यंत नेली आणि थांबल्या. नुसत्या त्याच्याकडं बघत. शिवानं नळीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, हात हलवला. मी तोंड उघडलं, "बोल ना बाळा, फुगा म्हण, फुगा..." मॅडमनी हातानंच मला थांबवलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. शिवाच्या तोंडून "फू" निघालं. लगेच फुगे उडाले. "फुगा! फुगा उडाला!" असं त्या म्हणाल्या आणि पुन्हा थांबल्या.

नंतर मला म्हणाल्या, "दादा, तुम्ही दिवसातून शंभर वेळा त्याला बोल म्हणता. ती त्याला परीक्षा वाटते. आता 'बोल' म्हणायचं नाही. 'हे काय आहे?' विचारायचं नाही. तो बघतोय त्याचं नाव तुम्हीच घ्यायचं, आणि मग मनातल्या मनात दहा मोजायचे."

दहा मोजणं सोपं वाटतं. करून बघा. लेकरू तोंडाकडं बघत उभं असताना सातपर्यंत जाईस्तोवर जीव कासावीस होतो. आणखी एक त्यांनी बजावलं, की 'बोललास तरच देईन' असं अडवून रडवायचं नाही. थांबायचं, त्यानं आवाज केला, बोट दाखवलं, नुसतं बघितलं तरी ते बोलणंच धरायचं आणि वस्तू द्यायची. तो एक शब्द म्हणाला की आपण त्याला एक जोडायचा. 'गाय' म्हणाला की 'गाय आली'. चुकीचा म्हणाला तर 'असं नाही' म्हणायचं नाही, आपण नीट म्हणून पुढं जायचं.

एका वेळचे पाचशे रुपये आणि दोन तिकिटं. त्यात दुकान एक दिवस बंद. आठवड्याला जाणं झेपणारं नव्हतं, म्हणून महिन्यातून दोनदा ठरलं. माझ्या मनाला लागलं की आपल्या ऐपतीपायी लेकराचं नुकसान होतंय. मॅडमनी सरळ सांगितलं, माझ्याकडं तो महिन्यातून दोन तास असणार, तुमच्याकडं बाकीचा महिना. काम तिकडं व्हायचंय.

मोबाईल बंद केला. आठ दिवस घरात काय झालं ते सांगत नाही. नवव्या दिवशी तो बटनांच्या डब्याकडं वळला.

तो स्टीलचा डबा मी मुद्दाम त्याला दिसेल पण पोचणार नाही अशा फळीवर ठेवला. तो माझा हात धरून ओढायचा. मी डबा खाली घ्यायचा, "बटन. बटन काढू," म्हणायचं, झाकण घट्ट लावलेलं त्याच्या हातात द्यायचं. आणि दहा. मशीन बंद, गिऱ्हाईक थांबलेलं. पहिले तीन आठवडे काहीच नाही, नुसता डबा माझ्याकडं परत करायचा. मी उघडून द्यायचो. एक दिवस गणवेशाचं माप घेत होतो, मागून "ब" ऐकू आलं. वळलो तर तो डबा धरून उभा. "ब... तन." माझ्या हातातली टेप खाली पडली. त्या दिवशी त्यानं किमान चाळीस वेळा तो डबा उघडायला लावला.

आईचं मन वळवणं अवघड गेलं. शिवाच्या डोळ्यांवरूनच तिला कळायचं, भूक का झोप. तो उठायच्या आत वाटी समोर. म्हणजे त्याला शब्दाची गरजच पडायची नाही. आम्ही सांगितलं तर चिडली, "लेकराला तरसवू का म्या?" मग एकदा तिला संभाजीनगरला सोबत नेली. मॅडमनी तिला स्वयंपाकाबद्दल विचारलं. आईला चुलीपुढं एकटीच बोलायची सवय आहे. आता पीठ मळायचं, आता थापायची, आता टाकली तव्यात, आता पलटायची. मॅडम म्हणाल्या, "आजी, हीच थेरपी. फक्त त्याला समोर बसवा, आणि 'तव्यात' म्हटलं की थोडं थांबा." आमच्या घरात ते सगळ्यांत चांगलं तिनंच केलं. 'थाप', 'टाक', 'गरम' हे शब्द भाकरीपाशी आले. आम्ही वहीत लिहीत होतो. तिसऱ्या वाढदिवसाला बासष्ट शब्द होते.

दोन गोष्टींची शंका आम्हाला होती. शेजारचं दुकान मिस्त्रीभाईंचं, त्यांची मुलं शिवाशी आपल्या हिंदीत बोलतात. दोन भाषांनी गोंधळेल का? मॅडम म्हणाल्या, दोन भाषांमुळं बोलायला उशीर होत नाही, खेळू द्या. दुसरं म्हणजे मी त्याच्याशी पुस्तकी मराठी बोलायला लागलो होतो, 'बाळ, तू काय करत आहेस' असं. बायकोला हसू यायचं. मॅडमना कळलं तेव्हा म्हणाल्या, घरात जशी बोलता तशीच बोला, सहज येते तीच भाषा त्याला भरपूर मिळते. इंग्रजी नर्सरीत घाला असा पाहुण्यांचा आग्रह होता, तो त्या दिवशी मिटला.

मध्ये दोन महिने शब्द थांबल्यासारखे झाले. त्याच काळात एका लग्नात कुणीतरी बायकोला विचारलं, "मुकं हाय का?" ती जेवली नाही. मी मॅडमना फोन केला. त्यांनी बोलण्याचं सोडून विचारलं, सांगितलेलं किती समजतो? "बॉबिन आणि कैची आईला दे" म्हटलं तर दोन्ही नेतो का? नेत होता. पूर्वी एकच न्यायचा. म्हणाल्या, आत भरतंय, राहू द्या.

तीन वर्षं दोन महिन्यांचा असताना आम्ही संभाजीनगरच्या फलाटावर परतीच्या गाडीची वाट बघत होतो. लांबून इंजिनाचा दिवा दिसला आणि माझ्या कडेवरून तो म्हणाला, "दाली यायली." गाडी यायली. दोन शब्द, आणि आमच्या बोलीतले. मी दहाच मोजत होतो, त्याच सवयीनं गप्प राहिलो. त्यानंच पुन्हा मोठ्यानं म्हटलं.

आता तो तीन वर्षं दहा महिन्यांचा आहे. 'क'चा 'त' आणि 'ग'चा 'द' करतो, काकाला ताता म्हणतो. ते काम सुरू आहे, महिन्यातून एकदा जातो, एकदा व्हिडिओ कॉलवर होतं. शोधताना एक बघा, थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदणी असते, नंबर विचारायला लाजू नका.

गेल्या मंगळवारी दुपारी तो अंगणवाडीतून आला, चप्पल काढली आणि मशीनपाशी उभा राहून म्हणाला, "थितडी सांडली. बाई ओलडल्या." मी पायडलवरचा पाय काढला. आजवर तो बोलायचा ते समोर असलेल्या गोष्टीचं. मी तिथं नव्हतोच. मी दहा मोजले. तो म्हणाला, "मी नाय सांडली."

दुकान बायकोवर सोपवून मी अंगणवाडीत जाऊन आलो. सेविका ताई फरशी पुसत होत्या. अख्खं पातेलं कलंडलं होतं, कुणाला भाजलं नव्हतं.