तुम्ही विचारलंत म्हणून: दात घरच्या घरी पांढरे कसे करायचे?

लग्नसराई आली की हा प्रश्न मला कुठेही गाठतो, व्हॉट्सॲपवर, भाजीच्या गाडीवर, कुणाच्या तरी हळदीत. "मॅडम, दात पांढरे होतील असं काहीतरी घरगुती सांगा ना, पण नंतर शिवशिवायला नकोत." डेंटिस्ट म्हटल्यावर हे आलंच, तर एकदाच सविस्तर सांगते.

आधी पिवळं नक्की कुठलं ते बघा. खालच्या पुढच्या दातांच्या आतून जीभ फिरवा, खरखरीत लागलं तर ते कीटण, ते कुठल्याच पेस्टने जात नाही, स्केलिंगच, म्हणजे डेंटिस्टकडून ते खरवडून काढणंच, करावं लागतं. आणि हो, स्केलिंगने दात हलायला लागत नाहीत हो, कीटणाने हिरड्या आधीच सुटलेल्या असतात, ते काढलं की फक्त कळून येतं. चहाचे, तंबाखूचे, मिशरीचे डागही वरवरचेच, क्लिनिंगमध्ये बरेचसे निघतात (मिशरी चालू ठेवलीत तर परत येणारच, मग मला बोलू नका). बऱ्याच जणांचं काम इथेच होतं.

दुसरं पिवळं आतलं असतं. दाताचं वरचं आवरण म्हणजे इनॅमल थोडं आरपार दिसणारं आणि त्याखालचा थर म्हणजे डेंटिन मुळातच पिवळसर, त्यामुळे वयाबरोबर इनॅमल झिजत गेलं की पिवळं जास्त दिसतं. सुळे तर सगळ्यांचेच बाकी दातांपेक्षा पिवळे असतात, त्यावरून घाबरून जाऊ नका.

आता ते रीलमधलं लिंबू आणि सोडा. सोडा एकटा तसा मऊ असतो, खरा घात लिंबाचा. तोंडातला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं आणि लिंबाचा रस त्याच्या कितीतरी खाली असतो. चोळल्यावर दात पांढरे दिसतात हे खरंय, पण नीट बघा, ती चमक नसते, खडूसारखा निस्तेज पांढरेपणा असतो, म्हणजे वरचा थर खरवडला गेलाय. असंच चालू ठेवलं तर खालचं पिवळं उलट जास्त दिसायला लागतं आणि गार पाणी प्यायलं की कळ मस्तकात जाते, आणि गेलेलं इनॅमल परत येत नाही. कोळशाच्या पावडरीचंही मला कौतुक नाही, घासून झिजवते आणि जुन्या फिलिंगच्या कडेला काळी रेघ सोडून जाते ती वेगळीच.

मग खरंच रंग बदलतो कशाने तर पेरॉक्साइड या रसायनाने, यालाच ब्लीच करणं म्हणतात. घरी करायची जी पद्धत १९८९ पासून माहितीये ती अशी, डेंटिस्ट तुमच्या दातांच्या मापाचा पातळ ट्रे बनवून देतात, त्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल अगदी थेंबभर घालायचं आणि रात्री लावून झोपायचं. हे साधारण ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडइतकंच पडतं, म्हणून रंग हळू बदलतो, पण त्रासही कमी. जास्त स्ट्राँग घेतलं की लवकर होईल या नादात लोक ऑनलाइन काहीही मागवतात, तो रेडिमेड ट्रे नीट बसत नाही आणि जेल हिरडीवर सांडून ती पांढरी पडते, चुरचुरते.

थोडं शिवशिवणं ब्लीचमध्ये होतंच, पेरॉक्साइड इनॅमलमधून दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचतं ना. म्हणून आधी दोन आठवडे पोटॅशियम नायट्रेटवाली सेन्सिटिव्ह पेस्ट वापरा, मऊ ब्रश घ्या आणि भांडं घासल्यासारखं दामटून घासू नका. त्रास झाला तर एक दिवस आड करा, दोन दिवस आड करा, कोणी मागे लागलेलं नाही. कीड असेल, हिरड्या उतरून मुळं उघडी पडली असतील, दिवस गेलेले असतील तर आत्ता नकोच.

चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या काही गावांतून पेशंट येतात, विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याने लहानपणापासूनच दातांवर पांढरे-तपकिरी चट्टे. तिथे ब्लीचने कधीकधी पांढरे चट्टे आणखी उठून दिसतात, त्यामुळे ते घरी करायचं काम नाही.

पुढच्या दातावर कॅप किंवा फिलिंग असेल तर त्याचा रंग ब्लीचने बदलत नाही, म्हणून आधी ब्लीच, मग दोनेक आठवडे थांबून त्या रंगाची नवी कॅप. आणि लग्न आठ दिवसांवर आलं असेल तर ब्लीचच्या भानगडीत पडू नका, फक्त क्लिनिंग करून घ्या, नाहीतर ऐन पंगतीत गार मठ्ठ्याचा घोट घ्याल आणि फोटोग्राफर नेमका तेव्हाच समोर असेल.