चिखल मोकळा राहू द्या

रविवार, २ फेब्रुवारी २०२५

आज जागतिक पाणथळ दिवस. १९७१ साली याच तारखेला इराणमधल्या रामसर गावी पाणथळ जागांचा करार झाला. आम्ही मात्र नेहमीसारखेच ओहोटी साधून गोव्यात पणजीजवळच्या रायबंदरच्या खारफुटीत कचरा काढायला उतरलो.

पणजी-रायबंदरचा हा बांधाचा रस्ता पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये घातला. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला मिठागरं आणि खारफुटी. गाडीतून जाताना नुसती हिरवी भिंत दिसते. आत उतरलं की तिवराची, म्हणजे खारफुटीतल्या एका झाडाची, श्वासमुळं पेन्सिली रोवल्यासारखी चिखलातून वर आलेली. खालच्या चिखलात हवा नसते, म्हणून झाड या मुळांनी श्वास घेतं. नेमकी त्यांच्यावरच प्लास्टिकची पिशवी बसते. सगळ्यात वाईट नायलॉनचं तुटकं जाळं. ओढलं तर कोवळी रोपं उपटून येतात, म्हणून कात्रीने एकेक दोरा कापायचा. कंबर मोडते, पण दुसरा उपाय नाही.

आज एका कंपनीची माणसं रोपं घेऊन आली होती. मन चांगलं होतं त्यांचं. त्यांना समोरचा उघडा चिखल 'रिकामा' दिसला आणि तिथे कांदळ, हे खारफुटीचंच दुसरं झाड, लावायचं होतं. मी नको म्हटलं, आणि जरा जोरात म्हटलं. तो चिखल रिकामा नाही हो! एक नांगी भलीमोठी असलेले खेकडे, उड्या मारणारे निवटे मासे, किडे, शिंपले यांनी तो भरलेला आहे. तुतारी आणि चिखल्या हे पक्षी हिमालयापलीकडून इथे येतात ते याच ताटावर. झाडी दाट झाली की हे पक्षी तिथे उतरत नाहीत. लपून बसलेला शत्रू त्यांना दिसायला हवा. कांदळ लावायला हरकत नाही, पण जिथे खारफुटी तोडली गेली तिथे.

पाग (फेकायचं जाळं) टाकायला आलेले एक काका ऐकत होते. म्हणाले, "बाय, झाडां आपशींच येतात. तुमी फकत कोयर काडात." म्हणजे झाडं आपोआप येतात, तुम्ही फक्त कचरा काढा. खरंच आहे. कांदळाचं बी झाडावरच रुजतं, खाली पडतं, भरतीबरोबर आपली जागा शोधतं. आपण वाट अडवली नाही म्हणजे झालं.

नदीपलीकडे चोडण बेटावर सलीम अली पक्षी अभयारण्य, १९८८ पासूनचं, पावणेदोन चौरस किलोमीटरच्या आसपास. तिथे सरकारी संरक्षण आहे. पण पाणमांजरांना आणि बगळ्यांना नदीच्या मधली रेघ थोडीच दिसते? रायबंदरच्या बाजूचा किनारा गेला तर चोडणचं निम्मं काम वाया.

रोपं परत गेली. त्यांना सांगितलंय, पावसाळ्यानंतर या. मांडवी डोंगरातून जो कचरा आणते तो काढायला माणसं फारच कमी पडतात. हातमोजे आणि जाड बूट आणा, फलक नको. कळवतो म्हणालेत. मी पाठपुरावा करणार आहे.