डिटेक्टिव्हचंच पोर पळवलं तर

डिटेक्टिव्हचं स्वतःचंच मूल पळवलंय, ही गोष्ट मला कितीही वेळा द्या, मी रात्री दोन वाजेपर्यंत जागून वाचणारच. पावसात देवगडात लाईट गेलेली असली तरी मोबाईलवर वाचते. पण अशी थ्रिलर्स इतकी वाचून झाल्यावर माझं एक ठाम मत झालंय, ते आज लिहूनच टाकते.

बहुतेक लेखक एका ठिकाणी घाई करतात. पोर गेलं की बाप पिस्तूल घेऊन सुटतो, वरिष्ठ सस्पेंड करतात, हा ऐकत नाही आणि शेवटी कुठल्यातरी गोदामात मारामारी. मला वाटतं खरी धडधड याच्या बरोब्बर उलट बाजूला आहे. स्वतःच्या पोराच्या केसचा तपास त्याच्याकडे राहूच शकत नाही, ठेवला तर कोर्टात बचावाचा वकील पहिल्याच दिवशी तोच मुद्दा धरेल. म्हणजे ज्या माणसाने आयुष्यभर टेबलाच्या अलीकडे बसून लोकांचे जबाब घेतले तो आता पलीकडे बसणार, फिर्यादी म्हणून, आणि त्याच्याच हाताखाली शिकलेला पोरगा विचारणार, साहेब, सकाळी शर्ट कुठल्या रंगाचा होता? आणि साहेबांना ते सांगता येणार नाही, कारण पोर उठायच्या आधीच ते ड्युटीवर गेलेले. वर त्याला हेही पक्कं ठाऊक आहे की सगळ्यात आधी घरच्यांनाच तपासायचं असतं, तो स्वतः तेच करत आलाय, त्यामुळे बायकोला वेगळ्या खोलीत का नेलं हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही. हा सीन नीट लिहिला ना, तर गोळीबार लागतच नाही.

बापाने तपास हातात घेतला तर काय होतं याचं खरं उदाहरण अमेरिकेत आहे. चार्ल्स लिंडबर्ग, एकट्याने विमानातून अटलांटिक ओलांडणारा. १ मार्च १९३२ ला त्याचं वीस महिन्यांचं बाळ वरच्या मजल्यावरच्या खोलीतून शिडी लावून पळवलं. एवढा प्रसिद्ध माणूस, पोलीस त्याच्या शब्दाबाहेर जाईनात, खंडणीची बोलणीसुद्धा त्याच्याच मर्जीने चालली. ५० हजार डॉलर दिले, तेव्हा तो स्वतः जवळच गाडीत बसून होता. आणि बाळ? १२ मे ला घरापासून काही मैलांवरच त्याचा मृतदेह सापडला, बहुधा त्या पहिल्या रात्रीच जीव गेलेला. हे वाचताना माझ्या घशाशी आलं होतं. मग आरोपी सापडला कसा, तर नोटांचे नंबर आधीच टिपून ठेवले होते म्हणून. १९३४ च्या सप्टेंबरात एका पेट्रोल पंपावरच्या माणसाला नोटेचा संशय आला, त्याने त्या नोटेवरच गाडीचा नंबर लिहून ठेवला, बँकेत ती नोट ओळखली गेली. पाठलाग नाही, काही नाही, यादी ठेवणारी आणि नंबर लिहून ठेवणारी माणसं.

आता हीच गोष्ट आमच्याकडे देवगडात घडली तर? मी खूप दिवस याचा विचार करतेय. जून-जुलैचा काळ घ्या. यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, बंदरात सगळ्या शाकारून ठेवलेल्या, अशात एक होडी जरी बाहेर पडली तरी गावाला कळणार. रस्त्याने जायचं तर नांदगाव तिठ्यावर या, तिथून हायवे नाहीतर फोंडाघाट, आणि घाटात दरड आली की ती वाट पण संपली. कोकण रेल्वे पावसाळी टाईमटेबलवर, गाड्या हळू. म्हणजे पळवणाऱ्याला बाहेर निघणंच कठीण. आणि अनोळखी गाडी वाडीत शिरली की दहा घरं बघतात, आमची काकी म्हणतेच, "आमच्या वाडयेत वळखीशिवाय कोण येतलो?" मग उत्तर एकच उरतं ना, की पोर ओळखीच्या माणसासोबत गेलंय, चालत, हसत, कोणालाच काही वाटलं नाही. ह्या विचाराने मला जेवढी भीती वाटते तेवढी कुठल्याच मुखवटेवाल्या व्हिलनने वाटली नाही.

आणि लेखकांनो, कृपा करून "चोवीस तास थांबा, मग तक्रार घेऊ" हा डायलॉग आता बंद करा. २०१३ मधे सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय, मूल हरवलं की अपहरण झालंय असंच धरून गुन्हा नोंदवायचा, लगेच. वाचणारे ते चोवीस तासांचं खरं मानून बसतात आणि खरोखर वेळ आली तर पहिले तास घालवतात. तसंच खाजगी डिटेक्टिव्ह चुटकीसरशी कॉल रेकॉर्ड काढतो ते पण, २०१८ मधे ठाण्यात त्याचसाठी खाजगी डिटेक्टिव्हना अटक झाली होती.

अजून एक, पोर सापडलं की मिठी मारून पुस्तक संपतं, हे मला अजिबात पटत नाही. त्यानंतर त्या पोराचा जबाब असतो, मॅजिस्ट्रेटसमोर. कित्येक मुलांना बोलतं केलेला हा बाप, आणि स्वतःच्या मुलीला मात्र त्याने काहीच विचारायचं नाही, नाहीतर उद्या कोर्टात पढवलंय म्हणतील. ती घरात समोर बसून जेवतेय, त्याच्या डोक्यात शंभर प्रश्न आहेत आणि तो फक्त आमटी वाढतोय. अशी शेवटची पन्नास पानं कोणी लिहिली असतील तर मला नाव कळवा, मराठीत असेल तर आधी ते.